मनाने भरलेले आकडे

यंत्र धुताना अ‍ॅसिड वापरू नये. ओल्या फडक्याने पुसावे. घरातील इतर व्यक्तींनी वापर करताना भिंतीवरील बटण दाबू नये.

*

नदीत रोवलेल्या खांबावर काळे-पांढरे पट्टे असतात. पाणी ज्या पट्ट्याला टेकलं असेल तो वाचायचा. लाटा असतील तर वरचा आणि खालचा वाचून मधला धरायचा. पाऊस किती पडला, वारा कुठून आला, हे लिहायला दुसरी माणसं असतात.

*

गजानन लोहार हल्ली हसायच्या आधी पाय जवळ घेतो.

*

बारा तुकडे काढले. दोनात सापडलं.

*

टोमॅटोचं सार, गाठीला चांगलं म्हणतात म्हणून: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार.

*

शेवटी शून्य आलेले दिवस: तीन. शेवटी पाच आलेले दिवस: चार. एकूण दिवस: दोनशे त्रेचाळीस.

६.१४

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भरतेश शिरगुप्पे न्हाणीघरात उभा राहून भिंतीवरच्या छोट्या काचेत हा आकडा बघत होता. वय अडुसष्ट. नदीमापन खात्यातून निवृत्त. जयसिंगपुरातलं हे घर त्याने निवृत्तीनंतर बांधलं होतं आणि त्यात आठ महिन्यांपूर्वी एकच नवी गोष्ट आली होती. कमोडच्या काठाखाली बसवलेला, चवळीच्या दाण्याएवढा थेंबवाचक.

सकाळी उठल्यावर बटण दाबायचं, लघवी करायची आणि तीन मिनिटं थांबायचं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती अक्रोडाएवढी ग्रंथी, पीएसए नावाचं एक प्रथिन पाझरत असते. गाठ वाढू लागली की ते बहुधा वाढतं. थेंबवाचक ते मोजायचा, शिवाय आणखी चार खुणा वाचायचा. पूर्वी माणसं तीन-तीन महिन्यांनी रक्त द्यायची आणि निकाल येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायची. आता आकडा रोज सकाळी भिंतीवर येत होता.

भरतेशला कर्करोग होता, आणि त्यावर काहीही उपचार चालू नव्हते. हे नातेवाइकांना समजावून सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ आले होते. या ग्रंथीतल्या बऱ्याच गाठी मंद असतात. माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो, गाठ तशीच झोपलेली राहते. ऑपरेशन करावं तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, नवरा-बायकोतलं बरंच काही जाऊ शकतं. म्हणून लक्ष ठेवायचं आणि थांबायचं. दवाखान्यात याला डोळस प्रतीक्षा म्हणत. फक्त थांबणं कधी संपवायचं, हे चुकता कामा नये. लवकर केलं तर विनाकारण पांगळं व्हायचं. उशिरा केलं तर गाठ बाहेर पडायची, हाडांत जायची, आणि मग करण्यासारखं फार उरत नाही.

"किती?" त्रिशलाने बाहेरून विचारलं.

"सहा पॉइंट चौदा."

"म्हणजे कालच्यासारखंच."

"काल तेरा होतं."

"तेच म्हणतेय मी. या आता, चहा गार होतोय."

भरतेशने दाराकडे पाहिलं. पहिल्या दोन महिन्यांत हीच बाई दाराला कान लावून उभी असायची. आता तिच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. तिला काही माहीत होतं का?

६.१४, अजूनही

संशय त्याला आठवडाभर होता. कारण त्याला सांगता आलं नसतं. आकडा वाढत होता, पण शहाण्या मुलासारखा वाढत होता. रोज एखाद्या शतांशाने वर. मध्येच एखाद्या दिवशी जरासा खाली, जणू वाढ फार सरळ दिसू नये म्हणून.

चोवीस वर्षांचा असताना भरतेश कवठेवाडीच्या मापन केंद्रावर एकटा होता. दर तासाला खांबापाशी जाऊन पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. मुसळधार पावसात तो कधीकधी गेला नाही. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा बघून मधले भरले. महिनाअखेरीला हेरवाडकर साहेब आले, त्यांनी वही चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"शिरगुप्पे, हे पान पाण्याने लिहिलेलं नाही."

भरतेशने ते पान जवळ ओढून पाहिलं.

"मनाने आकडे भरणारा माणूस शेवटी शून्य आणि पाच टाळतो. ते खोटे वाटतात म्हणून. आणि तोच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला भितो. नदीला असली भीती नसते."

त्या दिवसापासून भरतेश कुठल्याही आकड्यांच्या यादीकडे आधी उजव्या टोकाकडून बघायचा. त्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठ महिन्यांचे सगळे आकडे उतरवले आणि शेवटचा अंक मोजला. शून्य आणि पाच प्रत्येकी चोवीसेक वेळा यायला हवे होते. दोन्ही मिळून आले होते सात वेळा. आणि दोनशे त्रेचाळीस दिवसांत एकही आकडा लागोपाठ दोनदा आला नव्हता.

कुणीतरी त्याच्या शरीराचं पान मनाने भरत होतं.

६.१६

मंगळवारी त्याने गजानन लोहारला पहाटे चहाला बोलावलं. गजानन त्याचा शाळेपासूनचा मित्र. चार वर्षांपूर्वी त्याची ग्रंथी ऑपरेशनने पूर्ण काढून टाकली होती. जिथे ग्रंथीच नाही तिथे पीएसए कुठून येणार? गजाननचा आकडा शून्याच्या आसपास असायला हवा.

"भरतेशा, चहाला बोलावलास आणि मुतायला लावतोस व्हय रं?" गजानन न्हाणीघराच्या दारात उभा राहून म्हणाला.

"हळू बोल. ती उठंल."

"उठू दे की. वहिनींना बी कळू दे, नवरा काय काय गोळा करतोय ते."

"बटण दाबायला विसरू नको."

"लेका, माझं बटण कवाच गेलंय. मला आता दाबायचं कळत न्हाई, नुसतं गळायचं कळतंय." तो हसला, आणि हसायच्या आधी त्याने पाय जवळ घेतले. मग तोंड वळवून म्हणाला, "तू घाई करू नगंस, एवढंच सांगतो. मी घाबरून केलं. रिपोर्ट आला आणि आठ दिवसात टेबलावर गेलो. कुणी थांब म्हणालं नाही."

तो आत गेला. भरतेश बाहेर घड्याळ बघत राहिला. गजानन बाहेर आला, हात पुसत. तीन मिनिटांनी दोघे काचेपुढे उभे होते.

६.१६.

"हा माझा?" गजानन म्हणाला.

"तुझा."

"मला गाठ परत आली की काय?"

भरतेशने मान हलवली. गजाननच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहून त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्याला बरं वाटत होतं. अडुसष्टाव्या वर्षी वहीत लबाडी पकडल्याचं ते समाधान होतं. ते ओसरायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. मग त्याला उमगलं की आपली खरी पातळी किती आहे, हे आठ महिन्यांपासून आपल्याला माहीतच नाही.

६.१९

शुक्रवारी सकाळीच डॉ. इनामदारांनी कॅलेंडरचा कागद उलटसुलट करून पाहिला. चाळिशीतली बाई, बोलताना टेबलावरचा टाचण्यांचा डबा सरकवायची सवय.

"काका, तुम्ही मित्राला आणून..." त्यांना हसू आवरेना.

"हसा. पण सांगा, ही कुणाची लबाडी?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "लबाडी नाही. संमतीपत्राचं पान अकरा, कलम चार. तुमची सही आहे."

"पान अकरा कोण वाचतं?"

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला आम्ही खरेच आकडे दाखवायचो. खरा आकडा उड्या मारतो. सायकल चालवली तर वाढतो, जंतुसंसर्ग झाला तर दुप्पट होतो, आठवड्याने उतरतो. एका वर्षात निम्म्या लोकांनी घाबरून ऑपरेशन करून घेतलं. गरज नसताना. मग यंत्रणा बदलली. भिंतीवर येतो तो स्थिर आकडा. माणसाला झोप लागावी म्हणून. सहा पॉइंट पन्नास दिसलं की फोन यायचे, म्हणून शेवटी शून्य-पाच येणारे आकडे शक्यतो टाळतात. तोच आकडा दोनदा आला की लोकांना यंत्र बिघडलंय असं वाटायचं."

"आणि खरा?"

"आत आहे. पाचही खुणा रोज मोजल्या जातात. यंत्रणा त्या एकत्र तोलते. वेळ आली की हाक येते. तुमच्या फोनवर आणि माझ्या. मग आपण स्कॅन करायचं, तपासणीसाठी ग्रंथीचा तुकडा काढायचा, ठरवायचं."

"तुम्हाला तरी दिसतो का?"

"नाही."

"तुम्हाला बी नाही?"

"आम्हीही घाबरतो काका. आकडा समोर असला की हात शिवशिवतात." त्यांनी नजर खाली वळवली. "हाकेचे निकाल आमच्यापेक्षा चांगले आहेत. हे मला आवडत नाही, पण आहेत."

"म्हणजे कुणीच बघत नाही."

"यंत्रणा बघते."

भरतेशने खुर्चीच्या हातावर बोट घासलं. "उघडता येतं?"

"येतं. हक्क आहे तुमचा. अर्ज केलात की अठ्ठेचाळीस तासांची मुदत, मग फोनवर उघडतं. पण उघडलं की हाक बंद होते, कायमची. आकडे बघणारा माणूस खाणं बदलतो, गोळ्या खातो, मोजायच्या वेळा चुकवतो. मग हाकेचं गणित त्याला लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर तुम्ही आणि मी. जुन्या पद्धतीने."

"जुन्या पद्धतीने तुम्ही किती वेळा चुकलात?"

"मोजलं नाही," डॉ. इनामदार म्हणाल्या. "कुणी मोजत नव्हतं."

त्याने तिथेच अर्ज केला.

६.२१

शनिवारी सूर्यास्ताआधीचं जेवण झाल्यावर त्याने त्रिशलाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि ताटं उचलत नव्हती.

"तुला माहीत होतं?" त्याने शेवटी विचारलं.

"मला काय माहीत असणार? तुम्ही आतून कडी लावून बसता, बाहेर येऊन आकडा सांगता. तोच मी ऐकते."

"मग आधी दाराशी उभी राहायचीस. आता का नाही?"

"कारण आकडा चांगला यायला लागला म्हणून!" ती चिडली. "सहा महिने मला झोप लागतेय. खोटा असेल. असू दे. माझी झोप तर खरी होती का नाही?"

त्याने तिच्यासमोरचं ताट स्वतःच उचललं.

"त्या गजाननभाऊजींसारखं काढून टाका म्हणत होते मी पहिल्या दिवशी. ऐकलं नाहीत. म्हणालात, थांबायचं. मग थांबा की गपचूप. ज्याला बघायचंय ते बघू दे. ते हाक देईल."

"आणि नाही दिली तर?"

"तुम्ही कवठेवाडीला असताना खालच्या गावातली माणसं झोपायची ना? ती का येऊन खांब बघत होती?"

"म्हणूनच सांगतोय," भरतेश म्हणाला. "खांबाशी कोण होतं, ते मला माहीत आहे."

५.२० ५.२० ४.९१ ५.७५ ७.३०

रविवारी सकाळी फोनवर दोन ओळी आल्या. *आपल्या विनंतीनुसार मूळ नोंदी खुल्या करण्यात आल्या आहेत. हाक सेवा बंद करण्यात आली आहे.*

आणि खाली आकडे.

७.३० ६.०५ ८.८० ८.८० ८.८० ९.४५

हे पाण्याने लिहिलेलं पान होतं. आकडे अडखळत होते, एकाच जागी तीन-तीन दिवस बसून राहत होते, मध्येच उसळत होते. शून्य, पाच, सगळं होतं. भरतेशचे डोळे भरून आले. कशाने, ते त्यालाही नीट कळलं नाही. आकडे त्याच्या समजुतीपेक्षा कितीतरी वाईट होते. पण ते त्याचे होते.

फेब्रुवारीच्या शेवटी दहाच्या वर गेले होते. १०.१०. तो घाईने पुढे आला.

९.६० ९.६० ९.१२ ०.०१ ८.८५ ८.५० ८.५० ७.९४ ७.७०

मंगळवारचा ०.०१. गजानन! तो एकटाच मोठ्याने हसला. यंत्राने गजाननला बरोबर ओळखून बरोबर लिहिलं होतं, आणि भिंतीवर बरोबर खोटं दाखवलं होतं. आता शंका घ्यायला जागा नव्हती. हे आकडे खरे होते.

आणि खरे आकडे उतरत होते. तो मंगळवार सोडला तर नऊ दिवस सलग कुठेच वर नाही. असा उतार त्याने आयुष्यात शेकडो वेळा वाचला होता. आधी पाणी थबकतं, मग बोटभर खाली जातं, पुन्हा थबकतं, मग हातभर. असा उतार दिसला की खालच्या गावांना निरोप जायचा: घरी या, भांडीकुंडी परत मांडा.

पडद्यावर त्या रांगेच्या उजवीकडे आणखी चार रांगा होत्या. त्यांना लांबलचक नावं होती आणि वेगळी मापं होती. त्याने त्या सरकवून पाहिल्या नाहीत. त्याने जन्मभर एकच खांब वाचला होता.

दहा वाजता डॉ. इनामदारांचा फोन आला. रविवार असूनही.

"काका, आता मलाही दिसतंय. या आठवड्यात एमआरआय करून घ्या. मी लिहून पाठवते."

"उतरतंय डॉक्टर. दहाचं सात झालं."

"हो, पाहिलं. पण नुसत्या उतरण्याला भुलू नका. काही गाठी शांत होतात तेव्हा कमी पाझरतात. काही बिघडतात तेव्हाही कमी पाझरतात. पेशी इतक्या वाया जातात की त्या आपलं नेहमीचं कामच विसरतात. आणि त्या चार रांगा मला तितक्या ठाम वाचता येत नाहीत. त्या एकत्र तोलणं यंत्रणेचं काम होतं. ते आता बंद झालंय."

"पण पहिल्या प्रकारात मोडत असलो तर?"

"तर उत्तमच."

"आणि एमआरआयनंतर तुकडा काढणार. त्यानंतर ऑपरेशन म्हणणार."

"कदाचित."

"तुम्हीच म्हणालात ना, आकडा समोर असला की हात शिवशिवतात?"

"म्हणाले होते," डॉ. इनामदार म्हणाल्या. "तरीही करा."

"बघतो. चढायला लागलं तर लगेच येतो. रोज वाचतोच आहे आता."

त्याने फोन ठेवला. त्रिशला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिने एका बाजूचंच बोलणं ऐकलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

"कधी जायचंय?"

"एवढ्यात नाही. तीन महिने बघू. ओसरतंय, त्रिशला. तू स्वतः बघ." त्याने फोन तिच्यापुढे धरला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज हलका झाला होता. "हे खोटं नाही. मी तपासलंय."

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आकडे बोटाने एकेक करून खाली वाचत आली. दहा, नऊ, आठ, सात. मग पुन्हा वरपासून. तिला शेवटचा अंक वगैरे काही कळत नव्हतं. पण तिने बत्तीस वर्षं नदीकाठच्या सरकारी घरात काढली होती.

"नदी ओसरते," ती म्हणाली, "तेव्हा तिचं पाणी पुढं कुठंतरी गेलेलं असतं. हे कुठं गेलं?"

भरतेशने फोन परत घेतला आणि तीच रांग पुन्हा वर सरकवली.

यंत्रणेने भरतेश शिरगुप्पेच्या नावची हाक आदल्या दिवशी, शनिवारी आठ तारखेला दुपारी, तयार केली होती. ती सोमवारी दवाखाना उघडल्यावर, सकाळी नऊ वाजता जायची होती.